रुक्मिणीचं लग्न कोणी लावलं?

मुठा नदीच्या दोन काठांवर दोन हिंगणी आहेत. अलीकडचं हिंगणे बुद्रुक म्हणजे आजचं कर्वेनगर. पलीकडचं हिंगणे खुर्द. तिथल्या विठ्ठल मंदिरामुळे त्याला सगळे विठ्ठलवाडी म्हणतात. मधे राजाराम पूल. आषाढी एकादशीला ज्यांना पंढरपूर गाठता येत नाही ती आमच्या भागातली माणसं सकाळीच या पुलावरून पलीकडे जातात. लहानपणी मीही आत्याआजीचं बोट धरून जात असे. तिथे विठोबासमोर हात जोडून झाले की ती रुक्मिणीपुढे जास्त वेळ उभी राहायची. मी घाई केली तर म्हणायची, "थांब, तिची विचारपूस नको करायला?"

आत्याआजी म्हणजे माझ्या आजोबांची बहीण. लहान वयात नवरा गेला आणि ती भावाकडे राहायला आली, ती कायमचीच. आमच्या घरात एकनाथांच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'ची पोथी होती, अजूनही आहे. उपवर मुलीनं ती नेमानं वाचली की मनासारखा नवरा मिळतो, अशी महाराष्ट्रात जुनी श्रद्धा. माझ्या आत्यानं लग्नाआधी ती देवापुढे बसून वाचली होती. आत्या बाहेर वाचायची आणि एखादा शब्द अडखळला की स्वयंपाकघरातून आत्याआजीचा आवाज यायचा. पुढची ओवी ती चुलीपाशी बसून पुरी करायची. तिला सगळी पोथी पाठ होती. आत्याचं लग्न मात्र तिनं मागच्या खोलीच्या दारातून पाहिलं. मांडवात ती आली नाही, आणि 'ये' असं तिला कोणी म्हटलंही नाही. हे घरात अनेकदा सांगितलं गेलं, आणि दर वेळी साधी गोष्ट म्हणून सांगितलं गेलं.

पुढे मराठी वाङ्मयाचा इतिहास वाचताना मला समजलं की आपल्या भाषेतलं आज हाती असलेलं सर्वांत जुनं लग्नाचं काव्य रुक्मिणीच्याच लग्नाचं आहे. ते रचलं एका बालविधवेनं, आणि म्हटलं थेट लग्नात. तेव्हापासून ही कथा माझ्या मनातून गेलेली नाही.

कथा तशी सगळ्यांच्या ओळखीची. विदर्भाचा राजा भीष्मक, मराठीत भीमक. त्याची मुलगी रुक्मिणी. भाऊ रुक्मी तिचं लग्न चेदीच्या शिशुपालाशी ठरवतो, तिच्या मनात कृष्ण असतो, आणि लग्नाच्या आधी देवीच्या दर्शनाला गेलेल्या रुक्मिणीला कृष्ण रथात घालून नेतो. पण हीच कथा ओळीनं निरनिराळ्या ग्रंथांत वाचली की तिच्यातली बाई हळूहळू बोलती होताना दिसते. 'हरिवंशा'त रुक्मिणी इंद्राणीच्या पूजेला जाते, कृष्ण तिला पाहतो आणि उचलून नेतो. तिथे ती सुंदर आहे, पण कथेला पुढे नेणारी ती नाही. 'विष्णुपुराणा'नं तर हे हरण चार-दोन श्लोकांत उरकलं. 'भागवता'च्या दहाव्या स्कंधात मात्र मोठी गोष्ट घडते: रुक्मिणी निरोप धाडते. एका ब्राह्मणाजवळ दिलेल्या, सात श्लोकांच्या या निरोपात ती कृष्णाला सांगते की मी मनानं तुम्हाला वरलं आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवतेची यात्रा असते, वधूला नगराबाहेर गिरिजेच्या देवळात जावं लागतं, तेव्हा या. कुठे, कधी आणि कसं न्यायचं, म्हणजे नातलगांची हत्या टळेल, हे सारं तिनंच ठरवलेलं आहे. जुन्या कथेत जिचं हरण झालं ती आता आपल्या हरणाचा बेत स्वतः आखते. ज्या अज्ञात कवीनं हे सात श्लोक घातले त्यानं कथेचा सांगाडा जसाच्या तसा ठेवला. देऊळ, रथ आणि युद्ध सगळं तेच. बदललं एवढंच, की हे कोणाच्या इच्छेनं होतं आहे.

पुराणकथा कवीच्या हाती आली की तिचं असं काहीतरी होतं, आणि ते जगात सगळीकडे होतं. चीनमधलं एक उदाहरण मला फार जवळचं वाटतं. तिथल्या सर्वांत जुन्या गीतसंग्रहात, 'शिजिंग'मध्ये, विणकरीण आणि गुराखी अशा दोन ताऱ्यांची नावं येतात. तिथे त्यांची प्रेमकथा नाही. उलट, पिळून निघालेल्या प्रजेची ती तक्रार आहे: आकाशातली विणकरीण कापड विणत नाही, गुराख्याचा बैल गाडी ओढत नाही, मग या नावांचा आम्हाला काय उपयोग? पुढे हान राजवटीच्या काळातल्या 'एकोणीस जुन्या कवितां'मध्ये तेच दोन तारे ताटातूट झालेलं जोडपं होतात. मधे आकाशगंगेची नदी आहे आणि दोघं दोन काठांवर. मग लोकांनी या जोडप्याला वर्षातली एक रात्र भेटीसाठी दिली, नदीवर पक्ष्यांचा पूल बांधला, आणि सातव्या महिन्याच्या सातव्या रात्री मुली त्या विणकरणीकडे सुईकामातलं कसब मागू लागल्या. हान काळाच्याही आधी छू राज्यातल्या छू युआन या कवीच्या नावावर आकाशाला विचारलेल्या दीडशेहून अधिक प्रश्नांचं एक अख्खं काव्य सांगितलं जातं. सृष्टीच्या आधी काय होतं, ते कोणी पाहिलं, अमुक राजानं तसं का केलं. प्रश्नामागून प्रश्न, उत्तर एकाचंही नाही. जुन्या कथा सांगताना त्यांच्यावर विश्वास ठेवायचा की त्यांना प्रश्न विचारायचे, हा पेच त्या कवीपुढेही होता. आपल्याकडे प्रश्न विचारणारी बाई होती, आणि ती महानुभाव पंथात होती.

तिचं नाव महदाइसा, महदंबाही म्हणतात. पंथाचे पहिले आचार्य नागदेव यांची ती चुलत बहीण. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या शिष्यपरिवारात ती जिज्ञासेसाठी ओळखली जाई. 'लीळाचरित्रा'त ती जागोजागी भेटते ती प्रश्न विचारताना. हे असं का, ते तसं का, याचा अर्थ काय. स्वामीही तिच्या प्रश्नांना टाळत नाहीत. तेराव्या शतकातल्या एका विधवेला तिच्या कुतूहलासाठी मान मिळावा, ही गोष्ट मला त्या ग्रंथातल्या कोणत्याही चमत्कारापेक्षा मोठी वाटते.

चक्रधरांच्या प्रयाणानंतर ही मंडळी ऋद्धिपुराला आली. आजचं रिद्धपूर, अमरावती जिल्ह्यातलं. मराठी भाषेचं विद्यापीठ आता तिथेच आहे. चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू तिथे राहत. त्यांचं वागणं वेड्यासारखं वाटावं असं: मनात येईल तिथे जात, लेकरासारखा हट्ट करत, कोणाच्याही घरात शिरून खात, जातीपातीचा विटाळ मानत नसत. म्हाइंभटांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात अशा लीळांची रास आहे. एकदा या वृद्ध गोसाव्यांना लग्न करून घ्यायची लहर आली. भक्तांनी ती लहर मोडली नाही. लग्नाचा खेळ मांडला. लग्न म्हटल्यावर वरासाठी धवळे हवेत. धवळे म्हणजे वराला उद्देशून बायकांनी म्हणायची गाणी. ती म्हणायला महदाइसा पुढे झाली, आणि रुक्मिणी-कृष्णाच्या लग्नाचे धवळे तिनं तिथल्या तिथे रचून म्हटले. उत्तरार्ध तिनं नंतर रचला. गोविंदप्रभूंच्या अखेरच्या काळातली ही घटना, इ.स. 1286-87 च्या सुमाराची. म्हणजे 'ज्ञानेश्वरी' अजून तीन-चार वर्षं दूर होती.

इथे जरा थांबायला हवं, कारण या प्रसंगात बऱ्याच गोष्टी एकावर एक बसल्या आहेत. महानुभावांच्या श्रद्धेत पाच कृष्ण आहेत, आणि गोविंदप्रभू हे त्यातले एक. म्हणजे समोर बसलेल्या म्हाताऱ्या नवरदेवाला कृष्णाची उपमा दिलेली नव्हती; गाणाऱ्यांच्या लेखी तो कृष्णच होता. द्वारकेतलं पुराण आणि ऋद्धिपुरातली संध्याकाळ यांत अंतर राहिलंच नव्हतं. दुसरं म्हणजे जागा. रुक्मिणी विदर्भाची, तिचं माहेर म्हणून सांगितलं जाणारं वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर याच अमरावती जिल्ह्यात आहे. अमरावती शहरातल्या अंबादेवीचं देऊळ तेच ते रुक्मिणीहरणाचं देऊळ, असं तिथले लोक आजही सांगतात. ज्या मुलुखातून ती पळाली त्याच मुलुखात तिचं लग्न पुन्हा लागत होतं. आणि या वेळी पळून नव्हे, तर गाणी म्हणून.

आणि तिसरी गोष्ट गाणारीची. विधवेनं मंगलकार्यात पुढे येऊ नये, वरावर तिची सावलीही पडू नये, ही रीत त्या काळातही होती. ती रीत मोडण्यासाठी महदाइसेनं काही भाषण केल्याची नोंद नाही. तिला पंथानं जागा दिली आणि तिनं ती घेतली. तिच्या धवळ्यांमधली भाषा पंडिती नाही. घरातल्या बायका आपसात बोलतात तशी ती बोलते. लेकीच्या काळजीत पडलेला बाप, वाटेकडे डोळे लावून बसलेली मुलगी, वऱ्हाड आलं म्हटल्यावर गावात उडालेली धांदल हे सगळं तिला जवळून ठाऊक आहे. याच कथेवर तिनं 'मातृकी रुक्मिणीस्वयंवर' नावाची आणखी एक रचना केली. तिथे वर्णमालेतली अक्षरं क्रमानं घेऊन ओव्या बांधल्या आहेत. हे वाचलं की मला अक्षर गिरवणारी कोणीतरी तिच्या शेजारी बसलेली दिसते.

ही ओवीही तिनं नवी शोधलेली नव्हती. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 1129 च्या 'मानसोल्लासा'त लिहिलं आहे की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. म्हणजे कथा पुराणातली, चाल उखळ-जात्यावरची आणि प्रसंग समोर घडणारा. मराठी कथाकाव्याचा उगम शोधायचा तर या तीन धारा जिथे मिळतात तिथे जावं लागतं, आणि त्या ऋद्धिपुरात मिळतात, असं मला वाटतं. वाङ्मयाच्या इतिहासांत महदाइसेला 'आद्य कवयित्री' म्हणून पहिल्या पानावर जागा मिळते आणि दुसऱ्या पानावर आपण पुढे निघून जातो. हे बरं नाही.

यानंतर पाच-सहा वर्षांनी तीच कथा देवगिरीच्या दरबारात दिसते. नरेंद्र, साल्ह आणि नृसिंह हे तीन भाऊ रामदेवराव यादवाच्या पदरी कवी होते. नरेंद्रानं 'रुक्मिणीस्वयंवर' रचलं. 1292 हा त्याचा काळ मानतात. राजानं ते ऐकलं आणि तो इतका खूश झाला की ओवीमागे सोन्याचं नाणं द्यायला तयार झाला. अट एकच: काव्याखाली नाव राजाचं हवं. नरेंद्रानं नकार दिला. असं केलं तर कविकुळाला बट्टा लागेल, हे त्याचं कारण. पंथाच्या 'स्मृतिस्थळा'त पुढची हकिकत येते. पोथी एका रात्रीपुरती शुद्ध करायला म्हणून मागून घेतली, तिघं भाऊ रात्रभर नकलायला बसले, जमतील तेवढ्या ओव्या उतरवल्या, मूळ पोथी राजाला देऊन टाकली आणि नरेंद्र नागदेवांकडे निघून आला. नरेंद्राची रुक्मिणी वेगळी आहे. ती संस्कृत महाकाव्यांतून आली आहे: चंद्र तिला जाळतो, चंदन भाजतं, सख्या तिला वारा घालतात. महदाइसेच्या रुक्मिणीला वाट बघताना घरातली कामं असावीत असं वाटतं. नरेंद्राच्या रुक्मिणीला विरहाशिवाय दुसरं काही नाही. पण शब्दांची श्रीमंती पाहावी तर त्याचीच. सातशे वर्षांपूर्वीची मराठी एवढी नटू शकत होती, हे त्याच्याखेरीज खरं वाटलं नसतं.

मग ही सारी संपत्ती झाकली गेली. देवगिरीचं राज्य पडलं, आणि चौदाव्या शतकात महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहायला घेतले. त्यातली सकळ लिपी सर्वांत जास्त वापरली गेली. अक्षरांची अदलाबदल केलेली असल्यामुळे पंथाबाहेरच्या माणसाला पोथी हातात घेऊनही कळत नसे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे आणि त्यांच्या पिढीतल्या संशोधकांनी तिची किल्ली सगळ्यांपुढे ठेवली, आणि मग वि. ल. भावे, डॉ. वि. भि. कोलते यांच्यासारख्यांच्या कष्टांनी हे वाङ्मय छापलं जाऊन आपल्यापर्यंत आलं. मधली पाच-सहाशे वर्षं महाराष्ट्रातल्या लग्नघरांना महदाइसा ठाऊकच नव्हती. त्यांना ठाऊक होते ते एकनाथ.

एकनाथांनी 'रुक्मिणीस्वयंवर' 1571 मध्ये काशीत पुरं केलं. त्याच मुक्कामात ते 'एकनाथी भागवता'वर काम करत होते. 'रुक्मिणीस्वयंवरा'चे अठरा अध्याय, 1712 ओव्या. कथेचा आधार तोच, भागवतातला दहावा स्कंध, पण त्यांनी दोन टोकांनी तो ताणला. वरच्या टोकाला ही जीव आणि शिव यांच्या ऐक्याची गोष्ट झाली: रुक्मिणी म्हणजे जीव, कृष्ण म्हणजे परमात्मा, आणि लग्न म्हणजे द्वैत संपणं. खालच्या टोकाला ते पैठणकडचं खरंखुरं लग्न झालं. भागवतात कृष्ण रुक्मिणीला द्वारकेला नेतो आणि मोजक्या श्लोकांत विवाह होतो. एकनाथांनी शेवटचे अध्याय जवळपास सगळे सोहळ्याला दिले. हळद, अंतरपाट, व्याह्यांचे मानपान, विहिणींचे रुसवेफुगवे, जेवणावळी यांतलं काहीच सुटलं नाही. भागवतातल्या निनावी ब्राह्मणाला मराठीत सुदेव हे नाव मिळालं, कारण निरोप्याला नाव नसणं मराठी श्रोत्याला कसं चालावं? धर्मशास्त्राच्या भाषेत ज्याला राक्षसविवाह म्हणतात, म्हणजे मुलीला बळानं नेणं, त्याचं एकनाथांनी दोन्ही घरं जोडणारं लग्न केलं. हरलेल्या रुक्मीचीही समजूत घातली जाते. भाऊ रुसलेला असताना मुलीला सासरी सुखानं नांदता येत नाही, हे गिरिजाबाईंबरोबर संसार केलेल्या, लेकीबाळी असलेल्या या संताला समजत होतं.

या एका कथेनं त्या काळात किती कवींना धरून ठेवलं होतं! आसामात शंकरदेवांनी तिचं नाटक केलं, बिकानेरच्या पृथ्वीराज राठोडांनी राजस्थानीत 'वेली' लिहिली. मराठीत पुढे बीडचा विठ्ठल आणि सामराज यांनी तीच कथा पंडिती थाटात पुन्हा रचली. त्यांची अक्षरवृत्तं मोजून पाहायला छान आहेत, पण स्वयंपाकघरातून पाठ म्हणावं असं त्यांत काही नाही. लोकांच्या तोंडी राहिले ते एकनाथच.

मात्र लग्न लावून कथा संपवणं हे कवींचं काम झालं. लग्नानंतर काय होतं ते बायकांनी सांगितलं.

भागवतातच एक अध्याय आहे. कृष्ण रुक्मिणीची थट्टा करतो: एवढे राजे सोडून माझ्यासारख्याला का वरलंस, अजूनही जा हवं तर. ती हे खरं समजते आणि मूर्च्छित पडते; त्याला तिला उठवून समजावावं लागतं. पंढरपूरच्या कथेत रुक्मिणी मूर्च्छित पडत नाही. राधेला कृष्णाजवळ बसलेली पाहून ती रुसते, द्वारका सोडते आणि थेट दिंडीरवनात येऊन बसते. तिला शोधत देव येतो आणि पुंडलिकाच्या विटेवर उभा राहतो. म्हणजे या कथेप्रमाणे पंढरीचा विठोबा आपल्याला मिळाला तो रुक्मिणी रुसली म्हणून. तिचं देऊळ आजही त्याच्यापासून वेगळं आहे, आणि वारकरी आधी त्याचं आणि मग तिचं दर्शन घेतात. आकाशगंगेच्या दोन काठांवरचं ते चिनी जोडपं मला इथे हमखास आठवतं. फक्त आपल्या कथेत नदी कोणी आड घातलेली नाही. अंतर तिनं स्वतः राखलं आहे.

या रुसव्याखाली आणखी जुना थर आहे, तो डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल: एक महासमन्वय' या ग्रंथात उलगडला. 1984 चा हा ग्रंथ. ढेरे म्हणतात, विठोबा मुळात गवळी-धनगरांचा देव, आणि धनगरी ओव्यांत त्याच्या बायकोचं नाव पदूबाई. ती रुसून रानात गेलेली देवी आहे. पुराणातली रुक्मिणी पंढरीला आली तेव्हा ती रिकाम्या जागी आली नाही. आधीच रुसून बसलेल्या एका रानदेवीच्या जागी येऊन बसली आणि तिचा रुसवा तिनं वारशानं घेतला. हा विचार पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसलो होतो. पुराणाचं लोककथेत रूपांतर होतं असं आपण समजतो. इथे राजकन्येलाच धनगरणीचा स्वभाव लागला.

जात्यावरच्या ओव्यांत तर ती पूर्ण संसारी बाई होते. आमच्या कर्वेनगरच्या पश्चिमेला, चांदणी चौक ओलांडला की मुळशीचा डोंगर सुरू होतो. तिथल्या गावांतून हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी 1980 च्या दशकापासून ओव्या गोळा करायला सुरुवात केली, आणि ते काम पुढे महाराष्ट्रभर पसरून लाखाच्या वर ओव्या जमल्या. त्यांतली रखुमाई विठोबावर चिडलेली असते. तो जनीच्या मागे दळायला जातो, तुळशीपाशी घुटमळतो, घरी वेळेवर येत नाही. तुळस तिची सवत आहे. तुलाभाराच्या गोष्टीत जी तुळस रुक्मिणीच्या भक्तीची साक्ष देते, तीच जात्याशी बसल्यावर सवत होते. पंडितांना हा विरोध खटकेल, पण पहाटे तीनला उठून दळणाऱ्या बाईला सवत म्हणजे काय हे ठाऊक होतं, आणि तिनं आपल्याजवळचं देवीला दिलं.

नवरा नसलेल्या बायकांच्या मात्र या कथेत वाट्याला काय आलं, हे विचारायला मला पुन्हा नदीच्या अलीकडच्या काठावर यावं लागतं.

1900 मध्ये धोंडो केशव कर्वे विधवांचा आश्रम घेऊन हिंगण्याच्या माळावर आले. 1896 मध्ये पुण्यात सुरू केलेला हा अनाथ बालिकाश्रम शहरात टिकवणं अवघड होतं. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जमीन आणि झोपडी बांधायला साडेसातशे रुपये दिले. रस्ता धड नव्हता, पावसात चिखल. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून झालं की कर्वे चालत हिंगण्याला येत, पाठीवर आश्रमाचं सामान असे. ज्या मुलींना मांडवात उभं राहू दिलं जात नव्हतं त्या इथे अक्षरं गिरवू लागल्या. कर्व्यांची पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, या स्वतः पूर्वी विधवा होत्या; पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या होत्या, आणि 1893 मध्ये त्यांचा कर्व्यांशी पुनर्विवाह झाल्यावर दोघांना गावानं वाळीत टाकलं होतं. पुराणात रुक्मिणीच्या मनाविरुद्ध उभे राहिलेले भाऊबंद होते. बायांच्या लग्नाविरुद्ध अख्खी पंचक्रोशी होती, आणि तिथे रथ घेऊन कोणी येणार नव्हतं.

याच घराण्यात सून म्हणून आलेल्या इरावती कर्वे यांनी पुढे जुन्या कथांकडे पाहायची आणखी एक तऱ्हा दाखवली. 'युगान्त' हे त्यांचं पुस्तक 1967 मध्ये आलं आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यात महाभारतातली माणसं देवत्वाचा मुलामा काढून उभी आहेत. गांधारी, कुंती, द्रौपदी यांना त्या माणसांसारखे प्रश्न विचारतात. रुक्मिणीवर त्यांनी त्यात स्वतंत्र प्रकरण लिहिलं नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते. पण वारीबरोबर त्या स्वतः चालल्या होत्या, आणि ज्याचे लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी त्यांनी आपल्या प्रदेशाची ओळख सांगितली. कौंडण्यपुराहून रुक्मिणीची पालखीही दर आषाढीला माहेराहून सासरी पंढरपूरला पायी जाते; ही पालखी 1594 पासून चालत असल्याचं परंपरा सांगते. म्हणजे एकनाथ तेव्हा पैठणला हयात होते.

आत्याआजी शेवटची काही वर्षं अंथरुणाला खिळली होती. नजर गेली होती, पण पोथी उशाशी असायची. माझ्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा मी तिला महदाइसेची गोष्ट सांगितली: अशी एक बाई होती, तुझ्यासारखी, आणि रुक्मिणीच्या लग्नाचं मराठीतलं पहिलं गाणं तिनं म्हटलं, तेही वरासमोर. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "आणि लोकांनी म्हणू दिलं?"

म्हणू दिलं, मी सांगितलं.

लग्नाच्या दिवशी आम्ही तिला खुर्चीत बसवून मांडवात नेलं. मंगलाष्टकं चालली असताना तिचे ओठ हलत होते. गुरुजी वेगळं काही म्हणत होते आणि ती वेगळं काही. मी वाकून कान दिला तर ती सोळाव्या अध्यायात होती. अंतरपाट दूर झाला तेव्हा तिच्या मुठीत अक्षता तशाच राहिल्या होत्या. त्या तिनं मग जागेवरूनच टाकल्या, थोड्या उशिरा.